समुद्राकडे पाठ करून

आमच्या घरमालकांनी पाच वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी हातकणंगल्याची, म्हणून मी ‘हातकणंगलं’. समोरच्या खोलीतले यंत्रमागाचे सुटे भाग विकणारे गृहस्थ कबनूरचे, म्हणून ते ‘कबनूर’. सकाळी सात वाजता “हातकणंगलं, तुझं दूध उतू चाललंय!” असा पुकारा जिन्यातून वर यायचा आणि माझं दूध उतू चाललंय हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या लोकांना माझ्याआधी कळायचं. पहिल्याच आठवड्यात मी तणतणत खाली गेले आणि म्हणाले, “मालक, मला नाव आहे.”

“आसंल की,” ते शांतपणे म्हणाले. “पण एका नावाची गावात धा माणसं असत्यात. उतरायचं ठिकाण ज्याचं त्याचं एकच.”

हे त्यांचं एकतीस वर्षांच्या नोकरीचं ज्ञान होतं. मालक गगनबावड्याच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. गाडीत साठ माणसं, त्यातली वीस उभी. कुणाकुणाचं नाव विचारत बसणार? ज्याने जिथलं तिकीट काढलं ते त्याचं नाव. “ओ साळवण, पाय घ्या आत! असळज, ही कोंबडी कुणाची? तुमची न्हाई तर मग खालनं ओरडतंय कोण?” असा त्यांचा कारभार. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, कारभार सुटला नाही. वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या, त्यांत आम्हाला भरलं, आणि जिन्यात भंगारातून आणलेली एक घंटा टांगली. तिला दोरी बांधून तिचं टोक आपल्या खुर्चीपाशी सोडलं. एक टोल म्हणजे थांबा, खाली काहीतरी काम आहे. दोन टोल म्हणजे चला, वाट मोकळी आहे. सकाळी ऑफिसला निघताना मी दोन टोलांची वाट बघत जिन्यात उभी राहायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कामातून गेले आहे.

दिवेलागणीला ते मोजणी करत. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मला ऊन आहे तोवर जेवायला हाक मारायच्या. आमच्या घरची सूर्यास्ताआधी जेवायची रीत त्यांनी पहिल्या दिवशीच विचारून घेतली होती, आणि माझ्या आईपेक्षा त्याच ती जास्त पाळत. मी पाटावर बसेपर्यंत मालक दारातल्या चपलांकडे बघत बोटांवर मोजत असायचे. “कबनूर आलं. हातकणंगलं आलं. मागच्या खोलीतलं गारगोटी कुठाय?” गारगोटी येईपर्यंत स्वतः जेवत नसत. गारगोटी एकदा न सांगता सिनेमाला गेला, तर मालकांनी त्याच्या कंपनीत, मित्राकडे आणि शेवटी त्याच्या गावच्या दूध डेअरीत फोन लावला. डेअरीतून त्याच्या आईला निरोप गेला. आई रडत पुढच्या गाडीने कोल्हापूरला आली आणि सिनेमा बघून आलेल्या मुलाला तिने जिन्यातच हाताला लागेल त्याने बडवलं.

मला त्यांचा संताप यायचा, हे कबूल करते. पंचविशीतल्या शिकल्यासवरल्या बाईला कुणी रोज संध्याकाळी मोजावं, हे सहन होण्यासारखं नसतं. पण एकदा काकूंबरोबर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते, आणि मी चिडून म्हणाले, “यांना एवढं काय पडलंय हो मोजायचं?” मालकच कॉटवरून बोलले.

नोकरीतलं दुसरं की तिसरं वर्ष होतं. गगनबावड्याला चहासाठी गाडी थांबलेली, पाऊस आणि धुकं. ड्रायव्हर म्हणाला, आत्ता निघालो तर निघालो, मास्तर, न्हाईतर घाट बंद करतील. यांनी आत डोकावलं, गाडी भरल्यासारखी दिसली, दोनदा दोरी ओढली. करूळ घाट उतरून गेल्यावर एक गाठोडं सीटवर तसंच दिसलं. असळजची एक म्हातारी, वैभववाडीला लेकीकडे निघालेली. ती मागे गगनबावड्यातच राहिली होती.

“घाटात गाडी माघारी वळत न्हाई,” मालक म्हणाले. “आठ दिसांनी म्हातारी गाठोडं न्यायला डेपोत आली. मला वाटलं, शिव्या घालंल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, मास्तर, मला मोजलंच न्हाईस व्हय रं?”

त्यानंतर मी मोजणीबद्दल तक्रार केली नाही. चपला मात्र मुद्दाम सरळ, दिसतील अशा काढायला लागले.

आता त्यांची दुसरी बाजू. एका पावसाळ्यात आम्ही ऑफिसातल्या पाचजणींनी गगनबावड्याला जायचं ठरवलं. धबधबे, धुकं, कड्यावरून दिसणारं कोकण, हे सगळं बघायचं होतं. मी मोठ्या भरवशाने मालकांना विचारलं, घाटात सगळ्यात छान कुठून दिसतं?

“मला काय ठावं?”

“अहो, एकतीस वर्षं गेलात की तुम्ही त्या रस्त्याने!”

“गेलतो की. पण घाटाकडं पाठ करून. माझं त्वांड माणसांकडं.” मग जरा विचार करून म्हणाले, “वळणं मात्र समदी पाठ हायत. कुठल्या वळणावर कोण ओकतंय, ते इचार.”

मी हसले, आणि मग मला वाईट वाटलं. अख्खी नोकरी त्या घाटात गेली, आणि तो घाट या माणसाने बघितला नाही. हे माझ्या डोक्यात कुठेतरी अडकून राहिलं असणार. नाहीतर पुढचा उद्योग मी केला नसता.

कंपनीने मला दोन वर्षांसाठी दक्षिण फ्रान्समध्ये नीस या गावी पाठवलं. त्याच सुमारास मालकांची मुलगी जर्मनीत बाळंत झाली आणि दोघे तिच्याकडे आले. काकूंना तिथे हाताला काम होतं. मालकांना नव्हतं. ते रोज ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभे राहत आणि दारात घोळका करणाऱ्या जर्मन लोकांना हाताने ‘सरका पुढं’ अशी खूण करत. लोक सरकत, ही त्यातली भयंकर गोष्ट. पंधराव्या दिवशी मुलीचा मला फोन आला, “ताई, चार दिवस बाबांना घेऊन जा. पाया पडते.”

मी ठरवलं, आता या माणसाला खिडकीत बसवून समुद्र दाखवायचा. आयुष्यात एकदा त्यांनी प्रवासी म्हणून प्रवास करावा. एका दिवसात तीन देश दाखवणारी एक सहल असते. नीसहून निघायचं, समुद्राच्या काठाकाठाने डोंगरातल्या रस्त्याने मोनॅकोला जायचं, तिथून इटलीतलं एक बाजाराचं गाव करून संध्याकाळी परत. लहानशी बस, बरोबर गाइड. मी दोन जागा घेतल्या आणि खिडकीकडेची हवी असं दोनदा लिहून कळवलं.

सकाळी आम्ही ठरलेल्या जागी पोचलो तर बस उभी होती, दार बंद होतं, आणि पुढची एक काच अर्धी उघडी होती. मी मालकांना काही सांगायच्या आत त्यांनी खिशातला रुमाल काढून त्या काचेतून आत टाकला. जागा धरली. आत त्याच सीटवर इटालियन ड्रायव्हर कॉफी पीत बसला होता. तो तोंडावरचा रुमाल घेऊन खाली आला, कुणाचा पडला असं विचारलं आणि नम्रपणे परत केला. मालकांनी तो घेतला, मान हलवून आभार मानले आणि पुन्हा त्याच काचेतून आत टाकला.

आम्ही सगळे मिळून चौदाजण होतो. ब्राझीलचं नवं लग्न झालेलं जोडपं, कोरियाच्या तीन बहिणी, कॅनडाचं एक कुटुंब, आणखी कोण कोण. गाइड मुलीने कोण कुठलं ते विचारलं, मालकांनी छातीवर हात ठेवून “कोल्हापूर!” असं ठणकावून सांगितलं, आणि तिथेच माझ्या समुद्राचा निकाल लागला. मालकांना माणसांची गावं कळली. गाडी दोन किलोमीटर गेली नसेल तर सुरू झालं, “ओ ब्राझील, पिशवी वाटंत हाय! कॅनडा, त्या बाळाला पट्टा लावा की!” बोलणं मराठीत, खुणा हाताच्या, आणि ब्राझीलने पिशवी उचलली.

सगळ्यात मागे काठी टेकत एक पोलंडच्या आजी आल्या होत्या, एकट्याच. पोलंड ऐकताच मालक उठून उभे राहिले. “पोलंड? आमच्या वळिवड्याला हुतं की पोलंड! त्या महायुद्धात हजारो माणसं येऊन राहिली हुती. आमचा बाबा त्यान्ला दूध घालायचा. सांग तेन्ला!” मी सांगितलं. आजींनी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या त्या छावणीचं नाव ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या नात्यातलं कुणी तिथे गेलेलं नव्हतं. त्यांनी सभ्यपणे मान डोलावली. मालकांच्या लेखी एवढ्यावर सोयरीक जुळली. “म्हंजे आपलंच पावणं,” असं म्हणून त्यांनी रुमाल उचलला आणि ती धरलेली पहिली खिडकीची जागा आजींना देऊन टाकली.

मी त्यांना माझी खिडकी दिली. ते त्या काचेला पाठ टेकून, आत तोंड करून बसले.

“मालक, बाहेर बघा.”

“व्हय, बघतो,” म्हणाले आणि कोरिया मोजू लागले.

बाहेर, अगदी त्यांच्या कानामागे, अख्खा भूमध्य समुद्र पसरलेला होता. उन्हात निळा, खाली लाल कौलांची गावं, पांढऱ्या होड्या. सगळी बस एका बाजूला वाकून फोटो काढत होती आणि मालक “एका अंगाला गर्दी करू नका, गाडी कलती” म्हणत होते. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या ऐवजी दातओठ खाल्ले. मग त्यांनी पिशवीतून भडंग काढलं आणि सगळ्यांना मूठ मूठ वाटलं. ब्राझीलच्या नवरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने पुन्हा हात पुढे केला.

मोनॅकोत गाडी लावताना ड्रायव्हर मागे घेत होता. मालक कधी उतरले ते मला कळलं नाही. मागून आवाज आला, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...” आणि धाडकन गाडीच्या पत्र्यावर हाताची एक थाप. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि पांढराफटक होऊन खाली उडी मारली. त्याला वाटलं, कुणाला तरी उडवलं. मागे येऊन बघतो तर चार बोटांवर एक लालभडक मोटार उभी होती, तिच्या किमतीत आमची मंगळवार पेठ आली असती. ड्रायव्हरने मोटारीकडे बघितलं, मालकांकडे बघितलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मालकांनी त्याला मराठीत नियम समजावला. एक थाप, थांब. दोन थापा, चल. त्यानंतर तो भला माणूस दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलवेना, आणि गाइड मुलगी माझ्याकडे बघू लागली.

तिची नि मालकांची तिथेच एकदा जुंपलीही. ती मोजायची तर चौदा, हे मोजायचे तर तेरा. दोघांनी तीनदा मोजलं. शेवटी मी वैतागून मोजलं आणि घोटाळा सापडला. मालक स्वतःला मोजत नव्हते.

“कंडक्टर कधी सिटांत मोजत्यात व्हय?” त्यांनी मलाच विचारलं.

इटली कधी आली ते त्यांना कळलंच नाही. गाइडने सांगितल्यावर म्हणाले, “कुठाय? दाखव. नाका न्हाई, फाटक न्हाई? कोगनोळीला कर्नाटक लागताना ह्याच्यापेक्षा जास्त गोंधळ असतो.” त्यांना फसवल्यासारखं वाटलं. पण त्या गावात शुक्रवारचा आठवडी बाजार भरलेला बघून जरा बरं वाटलं. टोमॅटो हातात घेऊन दाबून बघितले, विकणाऱ्या बाईने हातावर फटका मारला, मालक खूश झाले. इथली माणसं आपल्यासारखी आहेत म्हणाले.

बस साडेतीनला सुटणार होती. गाइडने उतरतानाच बजावलं होतं की थांबता येणार नाही, ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा नियम आहे. जो वेळेत येणार नाही त्याने रेल्वेने आपापलं परतावं. साडेतीनला सगळे जमले. मालकांनी मोजलं. बारा.

“पोलंड न्हाई,” ते म्हणाले.

पाच मिनिटं गेली. गाइडने घड्याळ बघितलं, हळहळली, आणि म्हणाली की रेल्वे स्टेशन जवळच आहे, आजी येतील. मी हे मालकांना मराठीत सांगितलं. असं पुष्कळ काही मी त्या दिवशी सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पत्र्यावर एक थाप मारली, ड्रायव्हरकडे बोट रोखलं, “हलायचं न्हाई,” म्हणाले आणि बाजारात घुसले. मी मागे धावले. बाजार उठत होता, टेम्पो भरले जात होते, आणि त्या गर्दीत अडुसष्ट वर्षांचा माझा माणूस दिसेनासा झाला. फोन त्यांच्याकडे नव्हता. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मराठीशिवाय एक शब्द येत नव्हता, आणि जर्मनीत त्यांची मुलगी आणि काकू माझ्या भरवशावर होत्या.

मी धापा टाकत बसपाशी परत आले तर पोलंडच्या आजी समोर उभ्या! चर्चमध्ये बसल्या होत्या, तिथे जरा डोळा लागला, म्हणाल्या. त्यांना बघून मला रडूच आलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. गाइड माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्ही थांबा, ते सापडले की रेल्वेने या, आम्हाला निघावं लागेल. तिचं चुकत नव्हतं. मी पर्स उचलली. ड्रायव्हरने नाइलाजाने इंजिन सुरू केलं.

आणि पत्र्यावर थाप पडली. एक.

पोलंडच्या आजी काठी काखेत धरून दाराशी उभ्या होत्या आणि त्यांचा हात बसच्या अंगावर होता. ड्रायव्हरने किल्ली फिरवून इंजिन बंदच केलं. आजी गाइडला मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “तेरा. चौदा नाहीत.”

मग काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही, कारण मी एकाच वेळी रडत आणि हसत होते. ब्राझील उतरलं, कोरिया उतरलं, कॅनडा बाळाला कडेवर घेऊन उतरलं. आता त्या माणसाला हाक काय मारायची? त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दिवसभर त्यांनी सगळ्यांना एकच रीत शिकवली होती. पहिल्यांदा ब्राझीलची नवरी ओरडली, “कोलापूर!” मग कोरियाच्या बहिणी, तिघी तीन सुरांत. मग सगळेच. इटलीतल्या त्या गल्ल्यांतून “कोल्हापूर! कोल्हापूर! कोल्हापूर!” असा पुकारा सुरू झाला, आणि खिडक्यांतून इटालियन बायका डोकावून बघू लागल्या.

मालक गावातल्या बस थांब्यावर सापडले. गर्दीत उगाच पळापळ करण्यात अर्थ नसतो, चुकलेला माणूस शेवटी स्टँडवरच येतो, हा त्यांचा अनुभव. तिथे खांबाला टेकून काठीवाल्या प्रत्येक बाईचं तोंड निरखत उभे होते. हाका ऐकल्या, पण जागचे हलले नव्हते.

“अहो, ओ द्यायची की!” मी ओरडलेच.

“मला वाटलं, कोल्हापूरची गाडी लागली,” ते म्हणाले. “म्हटलं, पोलंडला टाकून कसं जायाचं?”

आजी मागून काठी टेकत येत होत्या. त्यांना बघितलं आणि मालकांनी दोन्ही हात जोडले. आजींनीही काठीसकट जोडले.

बसपाशी आलो तर पहिल्या खिडकीच्या जागेवर आजींनी आपला स्कार्फ टाकून ठेवला होता. तो उचलून त्यांनी मालकांना तिथे बसायची खूण केली. मालक नको नको म्हणत होते. ड्रायव्हरने दोन्ही खांद्यांना धरून त्यांना बसवलं आणि पट्टा लावला. दाराशी उभं राहून आजींनी स्वतःपासून सुरुवात करून मोजलं, बोट नाचवत, पोलिश भाषेत. चौदावं बोट मालकांवर थांबलं.

“काय म्हणतीया?” त्यांनी मला विचारलं.

“मोजतायत, मालक. तुम्हालाही मोजलं.”

त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ तोंड पुसत बसले. आजींनी दोन थापा मारल्या. गाडी निघाली.

कुणाला काही सांगायचं नव्हतं, कुणाला मोजायचं नव्हतं. सीट पुढची, तोंड रस्त्याकडे. पहिलं वळण आलं, डोंगर बाजूला झाला, आणि मालक एकदम खिडकीच्या काचेला नाक लावून ओरडले.

“हातकणंगलं! आगं, समुद्र हाय की गं हितं!”

“सकाळपासून आहे, मालक.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय!” ते माझ्यावर जोरात डाफरले आणि पुन्हा काचेकडे वळले. नीस येईपर्यंत त्यांनी मान फिरवली नाही.